आधी बाठ्याच्या पोटात काय आहे ते बघा

प्रति,
माननीय केंद्रीय कृषिमंत्री,
आणि देशाच्या बंदरांवर, विमानतळांवर व टपाल केंद्रांवर वनस्पती क्वारंटाईनचं काम पाहणारे सर्व अधिकारी

सविनय नमस्कार.

मे महिन्यात आमच्या वाडीतले एक काका प्लास्टिकचा डबा घेऊन माझ्या रोपवाटिकेत आले. डब्यात ओल्या टिश्यू पेपरात गुंडाळलेले ॲव्होकॅडोचे पाच बाठे होते. "वैनी, झिलान हाडल्यान. तुमच्या शेडीत रुजवा. दोन रोपा माका, बाकीची तुमका." मुलगा बोटीवर नोकरीला आहे. फळं कुठल्या बंदरात घेतली, ती कुठल्या देशातून आली होती, हे काकांना सांगता येईना. बाठे मात्र उत्तम राखले होते. एकाला तर तडा जाऊन मूळ डोकावत होतं.

मी त्यांतला एक सुरीनं उभा चिरला. आत भोक नाही, अळी नाही, काळा डाग नाही. काकांचा चेहरा खुलला. माझा नाही, कारण ॲव्होकॅडोच्या बाठ्यातून येणारा सगळ्यांत वाईट पाहुणा सुरीला दिसतच नाही. त्याचं नाव सनब्लॉच व्हायरॉइड. विषाणूहूनही लहान, आरएनएचं एक कडं. ह्याची लागण झालेली काही झाडं बाहेरून अगदी निरोगी दिसतात, वर्षानुवर्षं फळं देतात, आणि नेमक्या ह्याच निरोगी दिसणाऱ्या झाडांच्या जवळपास प्रत्येक बाठ्यातून रोग पुढच्या रोपात उतरतो. रोपावर औषध नाही. झाड उपटणं एवढाच उपाय.

ते पाचही बाठे मी उकळत्या पाण्यात टाकले आणि मग चुलीत घातले. काका आठवडाभर बोलले नाहीत. त्यांच्या मुलानं हौसेनं, जपून, एवढ्या लांबून आणलेली वस्तू होती, आणि मी ती त्यांच्या डोळ्यांदेखत जाळली. त्यांना जे वाटलं ते चूक होतं असं मी म्हणणार नाही. पण हे काम माझं नव्हतं. ते बाठे माझ्या शेडपर्यंत यायलाच नको होते. म्हणून हे पत्र आपल्याला, आणि उघड, कारण काकांसारखी माणसं प्रत्येक गावात आहेत आणि हे त्यांनीही वाचावं असं मला वाटतं.

मी सिंधुदुर्ग जिल्ह्यात वेंगुर्ले तालुक्यात गेली बावीस वर्षं रोपवाटिका चालवते. त्याआधी माझे सासरे चालवायचे. आंब्याची कोय कलमं, वेंगुर्ले-4 आणि वेंगुर्ले-7 काजूची कलमं, थोडी कोकम, थोडी जायफळं. शिवाय घरामागे चाळीस माडांची वाडी. कोय कलम करणाऱ्याचं सगळं आयुष्य कोयींशी बांधलेलं असतं. जूनमध्ये कोयी गादीवाफ्यावर मांडायच्या, कोवळं तांबूस रोप आलं की त्यावर हापूसची काडी बांधायची. हजारो कोयी हातातून जातात, आणि त्यांतली एखादी फुटली की आतून काळा भुंगा निघतो.

कोकणात वाढलेल्या प्रत्येकानं हा भुंगा पाहिलेला आहे. आंबा वरून निष्कलंक. गर गोड, पिवळाधमक. खाऊन झाल्यावर कोय फोडली तर आत गराची भुकटी आणि मधोमध तो. मादी कोवळ्या कैरीच्या सालीवर अंडं घालते, अळी गरातून थेट कोयीत शिरते, आणि तिची वाट मागे बुजून जाते. फळ मोठं होतं तेव्हा बाहेर एकही खूण उरत नाही. लहानपणी मला ह्याचं फार नवल वाटायचं. आता वाटते ती धास्ती, कारण मला ह्यातून कळलेली गोष्ट अशी की झाडाचं बी ही जगातली सगळ्यांत चांगली झाकलेली डबी आहे. तिच्यात काय आहे हे बाहेरून बघून कुणालाही सांगता येत नाही.

इतर देशांना हे ठाऊक आहे. ह्याच भुंग्यामुळे आणि फळमाशीमुळे आपल्या आंब्याला अमेरिकेचं दार जवळपास दोन दशकं बंद होतं. 2007 मध्ये ते उघडलं, तेही लासलगावच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या केंद्रात 400 ग्रे एवढं विकिरण देण्याच्या अटीवर. एवढ्या मात्रेनं भुंगा लगेच मरेलच असं नाही, पण त्याची पुढची पिढी होत नाही, आणि त्यांना तेवढं पुरेसं होतं. पुढे 1 मे 2014 पासून युरोपीय संघानं आपला आंबा, वांगी, कारली, पडवळ आणि अळू बंद केलं, कारण आदल्या वर्षी आपल्या 207 खेपांमध्ये त्यांना फळमाशी आणि इतर किडी सापडल्या होत्या. ऐन हंगामात हापूसच्या पेट्या वाशीत पडून राहिल्या तेव्हा आमच्या तालुक्यात घराघरात त्याची झळ पोचली. तेव्हा आम्ही चिडलो, पण शिकलो. 48 अंशांच्या पाण्यात तासभर आंबा ठेवायला शिकलो, पॅकहाऊस शिकलो, 'फायटो', म्हणजे माल कीड-रोगमुक्त असल्याचा सरकारी दाखला, हा शब्द बागायतदाराच्या तोंडी रुळला. 2015 च्या जानेवारीत आंब्यावरची बंदी उठवायचं ठरलं.

मंत्रिमहोदय, दुसऱ्याच्या बंदरावर आमच्या फळाची एवढी कसून तपासणी होते हे आम्ही मान्य केलं आहे. आता आमचा प्रश्न असा आहे की आमच्या बंदरावर दुसऱ्याच्या बाठ्याची तपासणी कोण करतं?

कागदावर उत्तर आहे, आणि चांगलं आहे, हे मी आधीच सांगते. 2003 चा वनस्पती क्वारंटाईन आदेश मी मुलीकडून इंग्रजीतून वाचून घेतला आहे. लागवडीसाठी बी आणायचं तर आधी परवाना हवा. पाठवणाऱ्या देशाचं फायटो हवं. ठरवून दिलेल्या ठिकाणाहूनच माल आत यायला हवा. तिथे तपासणी, गरज असेल तर धुरी, आणि काही झाडांच्या बाबतीत आत आल्यावरही वेगळ्या जागी वाढवून देखरेख. ज्या पिकाचं नाव यादीत नाही त्याची किडी-रोगांच्या दृष्टीनं जोखीम तपासल्याशिवाय आयात नाही. अमेरिकेतून चेस्टनट, अमेरिकी उष्ण प्रदेशातून रबर, रोगग्रस्त देशांतून नारळ, अशा काही गोष्टींना तर सरळ मनाई आहे. ह्या प्रत्येक ओळीमागे कुठल्या तरी देशाचं रडणं आहे.

चेस्टनटचंच घ्या. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या जंगलांत हे झाड आपल्याकडच्या ऐन-किंजळीसारखं सर्रास होतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथल्या रोपवाटिकांनी जपानी चेस्टनटची रोपं मागवली, टपालानं घरोघर विकली. रोपांबरोबर सालीत शिरणारी एक बुरशी आली. 1904 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात झाडं वाळताना पहिल्यांदा लक्षात आली, आणि पुढच्या पन्नासेक वर्षांत सुमारे 400 कोटी झाडं गेली असा अंदाज आहे. ज्या रोपवाटिकावाल्यांनी ती रोपं विकली ते माझ्यासारखेच लोक असणार. चांगलं, वेगळं झाड गिऱ्हाइकाला द्यावं एवढीच त्यांची इच्छा. मी त्यांचा विचार बऱ्याचदा करते.

तर नियम आहेत. माझ्या तक्रारी नियमांच्या आणि माझ्या शेडच्या मधल्या जागेबद्दल आहेत.

पहिली तक्रार सामानाची आणि टपालाची. कस्टम्सच्या घोषणापत्रात बिया, रोपं, फळं ह्यांचा रकाना आहे. पण ज्याच्याकडे जाहीर करण्यासारखं काही आहे त्यानंच ते भरायचं. टिश्यू पेपरातले पाच बाठे जाहीर करण्यासारखे आहेत हे काकांच्या मुलाला कुणी कधी सांगितलंच नाही. आमच्याकडची कित्येक माणसं मुलांकडे ऑकलंडला, सिडनीला जातात. तिकडे जाताना लोणचं न्यावं की नाही ह्यावर घरात दोन दिवस चर्चा होते, कारण न्यूझीलंडच्या विमानतळावर न सांगता एखादं फळ नेलं तर जागेवर 400 डॉलर दंड होतो हे सर्वांना माहीत आहे. तीच माणसं परत येताना पिशवीत बिया घेऊन बिनधास्त येतात. माणसं तीच, सामान तेच. फरक एवढाच की तिकडे विमानातच, बसल्या जागी, सोप्या भाषेत सांगितलं जातं आणि उतरल्यावर विचारलं जातं.

टपालाचं आपल्याला मी काय सांगावं. 2020 च्या उन्हाळ्यात अमेरिकेत आणि इतर देशांत लोकांच्या घरी न मागवलेली बियाण्यांची पाकिटं येऊ लागली तेव्हा आपल्याच मंत्रालयानं ऑगस्टमध्ये राज्यांना सावध केलं होतं. ते योग्यच होतं. पण न मागवलेल्या पाकिटाची जी भीती तेव्हा वाटली ती मागवलेल्या पाकिटाची का वाटू नये? मोबाईलवर परदेशी झाडांच्या बिया असं शोधून पाहा. जपानी मेपल, पाइन, मँगोस्टीन, रंबुतान, सगळं आहे, घरपोच. परवाना क्रमांक नाही, बी कुठल्या देशातलं ते नाही, कुठल्या बंदरातून आत आलं ते नाही. गेल्या वर्षी एका मोठ्या कृषी प्रदर्शनात मी एका स्टॉलवर कागद विचारले, तर स्टॉलवरच्या मुलानं मला किमतीचा कागद दिला. सुकलेली रंबुतानची बी विकणारा गिऱ्हाइकाला फसवतो, कारण ते बी सुकलं की मरतं. पण ओलं, जिवंत बी विकणारा अख्ख्या पंचक्रोशीला धोक्यात घालतो, आणि दोघांनाही विचारणारं कुणी नाही.

इथे ओल्या बीबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. मला वाटतं की नियमांच्या अंमलबजावणीत सगळ्यांत मोठं भगदाड इथेच आहे. भात, नाचणी, बाभूळ, साग, सुबाभूळ ह्यांचं बी सुकवून ठेवता येतं. सुकलेलं बी डब्यात बंद करून महिनोन्‌महिने राखता येतं, धुरी देता येते, प्रयोगशाळेत नमुना पाठवून निकालाची वाट बघता येते. पण आंबा, फणस, जांभूळ, ॲव्होकॅडो, रंबुतान, मँगोस्टीन, कोको, रबर, नारळ ही उष्ण प्रदेशातली झाडं वेगळी. त्यांचं बी सुकवलं की मेलं, आणि बहुतेकांचं शीतगृहातही टिकत नाही. फळातून निघाल्यावर बहुतेकांचं बी काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत मातीत जायलाच हवं. म्हणजे ज्या बीची तपासणी सर्वांत जास्त वेळ घ्यायला हवी त्याच्याकडेच वेळ नसतो. उष्णता किंवा जोरदार धुरी दिली तर किडीबरोबर बीही जातं. अशा बीसाठी एकच खरा मार्ग उरतो. ते बंदिस्त शेडमध्ये रुजवायचं, रोपं वाढवायची, पानांची चाचणी करायची, आणि निर्धोक ठरली तरच बाहेर द्यायची. बंदरावरच्या टेबलावर हे होऊ शकत नाही. त्याला जागा लागते, माणसं लागतात, वर्ष-दोन वर्षं लागतात.

आणि ही नेमकी आमच्या कोकणातली झाडं आहेत. आमच्या हवेत वाढतं तेच आमच्याकडे आणलं जातं, आणि जे रोग तिथल्या दमट हवेत पोसले ते इथेही पोसले जातील. फिलिपिन्समध्ये कडांग-कडांग नावाच्या रोगानं तीन कोटींहून जास्त माड मारले. तोही व्हायरॉइडच, त्यालाही औषध नाही. ऑस्ट्रेलियात 2010 मध्ये आणि न्यूझीलंडमध्ये 2017 मध्ये मर्टल तांबेरा पोचला, मूळचा दक्षिण अमेरिकेतला. जांभूळ, पेरू, लवंग, निलगिरी ही ज्या कुळातली झाडं त्याच कुळावर तो पडतो. कोवळी पालवी पिवळ्या पुडीनं माखते. जांभळाची झाडं कोकणात कुणी मुद्दाम लावलेली नाहीत, ती आहेतच. ती वाळायला लागली तर नुकसानभरपाईचा अर्ज कोण भरणार, आणि कुणाच्या नावे?

हे सगळं दूरचं वाटत असेल तर माझ्या वाडीतलं सांगते. काही वर्षांपूर्वी पावसाळा संपल्यावर एका माडाच्या चुडतांखाली पांढऱ्या मेणाची गोल गोल नक्षी दिसली. बोट लावलं तर पीठ. चार महिन्यांत चाळीसपैकी तीस माडांवर तेच. पानांतून चिकट गोड पाणी टपकायचं, त्यावर बुरशी चढायची, आणि चुडतं, खालच्या जायफळी, केळी, अंगणातली तुळस, विहिरीचं झाकण, सगळं काजळी फासल्यासारखं काळं. ही चक्राकार पांढरी माशी. मूळची मध्य अमेरिकेतली. भारतात ती पहिल्यांदा 2016 मध्ये तमिळनाडूत पोल्लाचीला सापडली. समुद्र उडून ओलांडणारा हा जीव नव्हे. तो पाल्याबरोबर, रोपांबरोबर प्रवास करतो.

मी घाबरून पहिल्यांदा विषारी फवारणी केली. ती माझी चूक होती. नंतर जाणकारांनी सांगितलं की ह्या माशीला खाऊन टाकणारी एन्कार्सिया नावाची इवलीशी गांधीलमाशी तिच्या मागोमाग येते, फवारणीनं तीच आधी मरते. मग आम्ही फक्त पाण्याचा जोरदार फवारा मारला, काजळीवर खळ फवारली. ती वाळली की काळे पापुद्रे सुटून पडतात. माड वाचले. पण दोन वर्षं नारळ निम्म्यावर आले, आणि माझ्या रोपवाटिकेतून त्या काळात एकही नारळाचं रोप मी बाहेर दिलं नाही. गिऱ्हाईक परत पाठवलं. मला ते कुणी सांगितलं नव्हतं. कुणी सांगायला हवं होतं.

दुसरी तक्रार ह्यातूनच निघते. त्या वेळी मी नमुन्याची पानं पिशवीत घालून एका सरकारी कार्यालयात गेले. तिथून दुसऱ्या कार्यालयात पाठवलं. तिथे सांगितलं की बाहेरून आलेल्या किडीचा विषय त्यांच्याकडे नाही, तो केंद्राचा. केंद्राच्या ज्या हेल्पलाइनवर मी फोन केला तिथे भाषा हिंदी आणि इंग्रजी. तीन आठवडे गेले. कुणी उद्धट बोललं नाही. प्रत्येकानं चहा विचारला. पण माझ्या तालुक्यात परदेशी कीड दिसली तर पहिला फोन कुणाला करायचा, ह्याचं उत्तर मला आजही एका वाक्यात देता येत नाही. नवीन कीड पहिल्यांदा शेतकऱ्यालाच दिसते. दिसल्यानंतरचे पहिले काही आठवडे हीच ती आटोक्यात आणण्याची वेळ.

तिसरी तक्रार छोटी आहे. कुठल्या देशातून कुठल्या झाडाचं बी आणता येतं, कुठलं येत नाही, ह्याची यादी मराठीत मिळत नाही. एवढंच.

चौथी कायद्याची. ज्या कायद्याच्या आधारे हे सगळं चालतं तो 1914 चा आहे, विध्वंसक कीटक व किडींचा कायदा. जुना म्हणून मी त्याला नावं ठेवणार नाही. त्याच काळातल्या दक्षतेनं आपल्याला मोठ्या संकटातून वाचवलं आहे. अमेरिकेत कापसाच्या बोंडावरचा मेक्सिकन सोंडकिडा थैमान घालत होता तेव्हा, 1906 मध्ये, परदेशातून येणाऱ्या कापसाच्या गाठींना धुरी देणं सरकारनं सक्तीचं केलं. आज शंभराहून जास्त वर्षांनंतरही तो सोंडकिडा भारतात नाही. विदर्भातल्या आणि खानदेशातल्या किती घरांना ह्या एका हुकमाचा उपयोग झाला ते मोजता येणार नाही, कारण न आलेल्या संकटाची कुठे नोंद होत नाही. पण 1914 मध्ये मोबाईलवर मागवलेलं परदेशी पाकीट घरी येत नव्हतं, रोज लाखो माणसं विमानानं ये-जा करत नव्हती, व्हायरॉइड हा शब्दच नव्हता. 2013 मध्ये कृषी जैवसुरक्षा विधेयक लोकसभेत मांडलं गेलं. वनस्पती, जनावरं, मासे ह्या सगळ्यांच्या रोगराईसाठी एकच स्वायत्त प्राधिकरण त्यात होतं. 2014 मध्ये ती लोकसभा संपली आणि विधेयक बारगळलं. त्यानंतर पोल्लाचीची माशी आली. 2018 मध्ये अमेरिकन लष्करी अळी कर्नाटकात उतरली आणि त्याच वर्षी आपल्या मक्यात शिरली. ह्या दोन्ही किडी विधेयकानं थांबल्या असत्या असा माझा दावा नाही. पण घराला कुलूप लावायचं ठरलं होतं आणि मग राहून गेलं, ह्याची आठवण करून देणं माझं काम आहे.

आता कुणी म्हणेल, ही बाई परदेशी झाडांच्या विरोधात आहे. अजिबात नाही. माझं अर्धं पोट काजूवर आहे, आणि काजू पोर्तुगीजांनी ब्राझीलमधून गोव्यात आणला. घोलवडचा चिकू बाहेरचा. पेरू, पपई, अननस, सीताफळ, मिरची, सगळं बाहेरचं. कोकणातल्या तरुणांना आंब्याच्या बेभरवशी मोहोरावर अवलंबून राहायचं नाही, म्हणून ते ॲव्होकॅडो आणि रंबुतानकडे वळतात, आणि त्यांचं बरोबर आहे. नवीन पिकाची गरज खरी आहे. म्हणूनच ते चोरवाटेनं येता कामा नये.

चांगल्या हेतूनं आणलेल्या झाडाचंही मागाहून काय होतं ते आपण सुबाभळीत पाहिलंय. सत्तरीच्या दशकात चाऱ्यासाठी, जळणासाठी तिचं बी परदेशातून आणून गावोगाव वाटलं गेलं. 1988 मध्ये तिच्या मूळ प्रदेशातली मावा-तुडतुड्यासारखी एक सूक्ष्म कीड दक्षिण भारतात पोचली आणि शेंडेच्या शेंडे वाळले. ती बियांतून आली नाही, हेही मी प्रामाणिकपणे सांगते. पण एकाच वाणाची झाडं आणि सोबत एकही शत्रुकीटक नाही, अशी अवस्था आपण आधीच करून ठेवली होती. आमच्या कुंपणातला पांगारा तर इथलाच. त्यालाही 2005 च्या सुमारास केरळात गाठी करणारी एक परदेशी गांधीलमाशी लागली. मिरीचे वेल चढवायला पांगारा लावणाऱ्याला ह्याचा अर्थ समजतो.

आणि आपल्याकडे जाणकार नाहीत असंही नाही. पपईवरचा पिठ्या ढेकूण 2008 मध्ये कोइम्बतूरला दिसला, पपई आणि तुती उद्ध्वस्त झाली. आपल्या शास्त्रज्ञांनी 2010 मध्ये पोर्तो रिकोहून त्याचे शत्रुकीटक रीतसर परवानगीनं, क्वारंटाईनमधून तपासून आणले, वाढवले, सोडले, आणि तो पिठ्या आटोक्यात आला. म्हणजे बाहेरून जिवंत गोष्ट कशी आणायची हे ह्या देशाला येतं. माझी विनंती एवढीच की जे एका कीटकासाठी केलं ते एका बाठ्यासाठीही करा.

माझ्या मागण्या अशा:

झाडांच्या परदेशी बिया विकणाऱ्या प्रत्येकानं, मग तो मोबाईलवर असो की प्रदर्शनातल्या स्टॉलवर, परवाना क्रमांक, मूळ देश आणि आत आल्याची तारीख जाहिरातीतच छापावी. ज्या ऑनलाइन बाजारात हे विकलं जातं त्या बाजारालाही जबाबदार धरावं. क्रमांक नसेल तर जाहिरातच चढू नये.

विमानात आणि बंदरात, उतरणाऱ्या प्रत्येकाला, मराठीसह भारतीय भाषांत एका वाक्यात विचारावं: तुमच्याकडे बी, बाठा, रोप, कलमाची काडी आहे का? बोटीवर नोकरी करणाऱ्यांना त्यांच्या प्रशिक्षणातच हे शिकवावं. आमच्या किनाऱ्यावरच्या घराघरातला एक मुलगा दर्यावर आहे.

ओल्या बियांच्या झाडांसाठी कोकणात एक बंदिस्त विलगीकरण रोपवाटिका उभी करावी. दापोलीचं कृषी विद्यापीठ आहे, वेंगुर्ल्याचं फळ संशोधन केंद्र आहे, भाट्याचं नारळ संशोधन केंद्र आहे. शेतकऱ्यांना हव्या असलेल्या जातींची यादी दर वर्षी मागवा, त्या सरकारनं एकदाच, नीट, कागदपत्रांसह आणाव्यात, तपासाव्यात, आणि मग निर्धोक कलमं आम्हा रोपवाटिकाधारकांना वाढवायला द्यावीत. शंभर जणांनी पिशवीतून शंभर वेळा आणण्यापेक्षा हे स्वस्त आहे. ही माझी सर्वांत महत्त्वाची मागणी आहे. बाकी काही जमलं नाही तरी हे करा.

ज्यांनी आजवर न कळत असं बी लावलंय त्यांना सहा महिन्यांची मुभा द्यावी. दंड नाही, चौकशी नाही. झाड दाखवा, नमुना द्या, चाचणी फुकट. दंडाची भीती घातली तर लोक झाडं लपवतील, आणि लपवलेलं झाडच सर्वांत धोकादायक. काकांसारख्या माणसाला गुन्हेगार ठरवणारा कायदा मला नको आहे.

प्रत्येक जिल्ह्यात एक फोन क्रमांक, एक नाव, आणि नमुन्याचा निकाल पंधरा दिवसांत. कीड परदेशी निघाली तर त्या तालुक्यातल्या सगळ्या रोपवाटिकांना त्याच दिवशी निरोप.

आणि कृषी जैवसुरक्षेचं विधेयक पुन्हा मांडावं. सुधारून मांडा, चर्चा करा, पण मांडा.

ह्यातल्या कुठल्याही कामात माझी मदत लागली तर मी तयार आहे. माझ्या शेडचा एक कोपरा मी जाळी लावून वेगळा केला आहे. गावात कुणी अनोळखी रोप आणलं तर ते तिथे राहतं, त्याला पाणी घालायची झारी वेगळी, कात्री वेगळी. हे विलगीकरण नव्हे हे मला कळतं. व्हायरॉइड जाळीनं थांबत नाही.

काका गेल्या आठवड्यात पुन्हा आले होते. मुलगा दिवाळीला घरी येणार आहे, ह्या वेळी नीट कागद करून बाठे आणायचे म्हणतो, तर कुठे विचारायचं, असं त्यांनी मला विचारलं. मी त्यांना सांगितलं की पत्र लिहिलं आहे, उत्तर आलं की कळवते.

आपली नम्र,
एक रोपवाटिकाधारक
वेंगुर्ले तालुका, जिल्हा सिंधुदुर्ग